दुखरा गुडघा आणि टाळ्या

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



क्रीडा समारंभातील भाषण म्हटले की जिद्द, चिकाटी आणि खिलाडूवृत्ती हे तीन शब्द यावेच लागतात. ते शब्द खोटे नाहीत. परंतु आज मी त्यांच्या आड लपणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. गुडघ्याला पट्टी गुंडाळून, दात-ओठ खाऊन एखादा मुलगा शेवटची चढाई करतो, तेव्हा सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचे कौतुक होते. सहा महिन्यांनी तो मुलगा मैदानावर दिसेनासा होतो, तेव्हा मात्र तो कोठे गेला हे कोणी विचारत नाही. हे भाषण तुम्ही सभागृहात ऐकत असा किंवा स्मरणिकेत घरी बसून वाचत असा, तुमच्यापैकी कोणी खेळाडू असेल, कोणी खेळाडूचे आई-वडील असतील, कोणी क्रीडाशिक्षक असतील. मला जे सांगावयाचे आहे ते तिघांनाही लागू आहे.

आपल्या सोलापूरच्याच माणसापासून आरंभ करतो. पॉली उमरीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात झाला, हे नव्या पिढीतील पुष्कळांना ठाऊक नसते. एकोणसाठ कसोटी सामने, ३,६३१ धावा आणि बारा शतके. ते निवृत्त झाले तेव्हा हे तिन्ही आकडे भारतात सर्वांत मोठे होते. पण आज त्यांची फलंदाजी मला सांगावयाची नाही. त्यांनी एके दिवशी आपले रक्त दिले, ते सांगावयाचे आहे.

१९६२ च्या मार्च महिन्यात भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. कप्तान होते नरी कॉन्ट्रॅक्टर. हे गृहस्थ सोसण्याबद्दल आधीच प्रसिद्ध झालेले होते. १९५९ साली लॉर्ड्सच्या कसोटीत स्टॅथमचा चेंडू लागून त्यांच्या बरगड्या मोडल्या, तरी ते खेळपट्टी सोडून गेले नाहीत. भारताच्या १६८ धावांपैकी ८१ त्यांच्या होत्या, आणि दुसऱ्या डावातही ते पुन्हा फलंदाजीला आले. त्या खेळीचे वर्णन आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून वारंवार ऐकले. ती थोर खेळी होती यात शंका नाही. तीन वर्षांनी ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा उसळता चेंडू त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. त्या काळी हेल्मेट नव्हते. मंडपातील एक खिडकी कोणी तरी त्याच क्षणी उघडली आणि आपले लक्ष तिकडे गेले, असे त्यांनी पुढे सांगितले. कवटीला तडा गेला, मेंदूवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, आणि कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. रक्ताची गरज पडली तेव्हा वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. आपल्या संघातून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनी दिले. सोलापुरात जन्मलेल्या माणसाचे रक्त असे एका कप्तानाच्या कामी आले. पुढे कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवण्यात आली. ती साठ वर्षे तेथेच होती आणि २०२२ साली मुंबईत काढण्यात आली.

इतका मोठा आघात झाल्यावर या माणसाने काय केले असेल असे तुम्हाला वाटते? तो पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागला. कसोटीतही खेळावे अशी त्याची फार इच्छा होती. निवड समितीने मात्र त्याला पुन्हा कधी घेतले नाही. तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावीस होते, आणि या नकाराने त्याला मोडलेल्या बरगड्यांहून अधिक वेदना झाल्या असतील. यात निवड समितीने योग्य केले की अयोग्य, हा वाद आज मी उकरून काढीत नाही. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे आहे. खऱ्या खेळाडूला तुम्ही विचारा, खेळतोस का? तो हो म्हणेल. बरगडी मोडली असली तरी म्हणेल, कवटी फुटली असली तरी म्हणेल. म्हणजे त्याचे ‘हो’ हा त्याच्या प्रकृतीचा दाखला होऊ शकत नाही. मग आपण सगळे तो दाखला म्हणून का स्वीकारतो?

उमरीगर यांची गोष्ट याच दौऱ्यात पुढे जाते. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या आणि एका डावात पाच गडीही बाद केले. एवढे करून पाठीच्या दुखण्यामुळे त्याच वर्षी त्यांनी कसोटी क्रिकेट सोडले. पुढे १९७६ साली ते संघाचे व्यवस्थापक म्हणून पुन्हा वेस्ट इंडीजला गेले. किंग्स्टनच्या त्या सामन्यात अंशुमन गायकवाड सात तासांहून अधिक वेळ उभे राहिले, अंगावर चेंडू झेलत राहिले, ८१ धावांवर असताना होल्डिंगचा चेंडू कानावर आदळला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. विश्वनाथचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलचे तोंड फुटले. दुसऱ्या डावात भारताचे पाच गडी ९७ धावांवर बाद झाले आणि उरलेले पाच जण फलंदाजीला आलेच नाहीत. कप्तान बेदी यांच्यावर पुष्कळ टीका झाली. कोणी त्याला शरणागती म्हटले. मला विचाराल तर त्या दिवशी पाच माणसे खेळपट्टीवर गेली नाहीत, हा भारतीय क्रिकेटमधील शहाणपणाचा दिवस होता. परंतु त्याचे पोवाडे कोणी गात नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, मग कुंबळेचे काय? २००२ च्या मे महिन्यात अँटिग्वाला डिलनचा चेंडू लागून अनिल कुंबळे यांचा जबडा मोडला. डोक्याभोवती पट्टी बांधून ते मैदानात उतरले, ओळीने चौदा षटके टाकली आणि लाराला पायचीत केले. ते चित्र पाहून छाती फुगली नाही असा माणूस विरळा. माझीही फुगली. पण त्यातील तपशील नीट पाहा. मोडला होता तो जबडा, आणि गोलंदाजी होते ती खांद्याने आणि मनगटाने. काय मोडले आहे हे त्यांना माहीत होते, आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी ते मायदेशी निघाले. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते, पाठीशी बारा वर्षांचा कसोटीचा अनुभव होता. आपल्या नववीतल्या मुलाने लंगडत खेळताना कुंबळेचे नाव घेऊ नये, आणि त्याच्या शिक्षकाने तर मुळीच घेऊ नये.

आणखी एक घोटाळा आपण नेहमी करतो. मन्सूर अलीखान पतौडी यांचा १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये मोटार अपघात झाला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि कॉन्ट्रॅक्टर जखमी होताच एकविसाव्या वर्षी कप्तान झाले. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. या दोघांची उदाहरणे ‘दुखापत विसरून खेळा’ असे सांगण्यासाठी दिली जातात. ते चूक आहे. पतौडींचा डोळा खेळल्याने आणखी बिघडणार नव्हता, पेटकरांच्या जखमा पोहल्याने वाढणार नव्हत्या. जे गेले ते गेले होते, उरलेल्यावर त्यांनी संसार उभा केला. आपल्या मुलाचा गुडघा मात्र अजून गेलेला नसतो. तो आपण घालवतो.

गुडघ्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि फुटबॉल या आपल्याकडच्या चारही खेळांत दुखण्याचे मूळ बहुधा तेथेच असते. मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारी एक दोरी असते. डॉक्टर मंडळी तिला एसीएल म्हणतात. पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेले, अशा वेळी ती तुटते. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला की हेच घडते. मुरमाच्या मैदानावर धावता धावता एकदम दिशा बदलली तरी घडते, दुसऱ्याचा धक्काही लागावा लागत नाही. ‘कट’ असा आवाज आला असे मुले सांगतात. दोन-चार तासांत गुडघा फुगतो, कारण आत रक्त साठते. आता फसवणूक पाहा. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा सरळ चालू लागतो, सायकल चालवतो, घरचे म्हणतात बरे झाले. पूर्ण तुटलेली ही दोरी सहसा आपोआप जुळून येत नाही. मुलगा पुन्हा मैदानात उतरतो, गुडघा मध्येच सटकतो, आणि प्रत्येक सटकण्यात हाडांमधली गादी थोडी थोडी चिरडली जाते. दोरी नवी बसवता येते. गादी चिरडून गेली की ती पहिल्यासारखी होत नाही. मग तिशीतच जिना चढताना कळ येऊ लागते. विडी कारखान्यात, यंत्रमागावर किंवा रिक्षाच्या सीटवर पुढची तीस वर्षे त्याच गुडघ्यावर काढावयाची असतात, हे सामन्याच्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे, अडथळ्यांच्या शर्यतीतील आपले नामांकित धावपटू, २०२५ च्या जुलैत मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर पडले. हीच दोरी आणि हीच गादी फाटली. शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. त्यांच्या पाठीशी शल्यविशारद, व्यायामोपचार करणारे, आहार पाहणारे अशी सगळी यंत्रणा होती, तरी परत येण्यास महिनेच्या महिने लागतात. आपल्या मुलाच्या पाठीशी काय असते? क्रेप बँडेज, गार फवाऱ्याची बाटली, वेदनाशामक गोळी आणि ओळखीचा हाडवैद्य. गोळी आणि फवारा दुखणे बरे करीत नाहीत. दुखण्याची वर्दी तेवढी बंद करतात.

डोक्याच्या दुखापतीत तर वर्दीही येत नाही. १९५६ साली इंग्लंडच्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन शेवटची सतरा मिनिटे मोडलेल्या मानेने खेळला. मान मोडल्याचे त्याला पुढे क्ष-किरण तपासणीत कळले. लोक याला धैर्य म्हणतात. मला ते नशीब वाटते. ज्याला काय झाले तेच माहीत नाही, त्याने निवड केली असे कसे म्हणावे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आर्चरचा चेंडू आदळला. डॉक्टरांच्या चाचण्या उत्तीर्ण होऊन तो पाऊण तासात फलंदाजीला परतला. दुसऱ्या दिवशी मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे दिसू लागली आणि त्याला सामन्यातून काढावे लागले. जागतिक दर्जाच्या डॉक्टरांना जे त्या दिवशी कळले नाही, ते आपल्या पंचाला ‘किती बोटे दिसतात’ एवढे विचारून कळेल काय? पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला तर मेंदू एकाएकी सुजून जीवावर बेतू शकते, आणि हा धोका कोवळ्या वयात अधिक असतो.

मग मुले लपवतात का? याचे उत्तर त्यांच्या धाडसात शोधू नका, त्यांच्या हिशेबात शोधा. राज्य पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र मिळाले तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ज्या घरात वडील रोजंदारीवर आहेत, त्या घरातील मुलाला हा एक सामना म्हणजे पोलीस भरतीचे दार वाटते. तो गुडघ्याचे सांगेल कशाला? सांगितले की बाराजणांतून नाव जाते, आणि एकदा गेलेले नाव परत येईल याची हमी त्याला कोणी देत नाही. मला ओळखीच्या एका संघात असा मुलगा ठाऊक आहे, ज्याने निवड चाचणीच्या आदल्या रात्री गुडघा दाखवला आणि सकाळी यादीत त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव होते. त्या दिवसापासून त्या संघातील एकाही मुलाने कोणतेही दुखणे सांगितले नाही. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

मुलींचे कारण वेगळे आहे, आणि ते आपण माताभगिनींनी व वडिलांनी ऐकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलगा प्रशिक्षकापासून लपवतो. मुलगी घरापासून लपवते. खेळायला पाठवावे की नाही यावर घरात आधीच दहा चर्चा झालेल्या असतात. त्यात ती लंगडत घरी आली, तर ‘आम्ही म्हटले नव्हते का’ हे वाक्य तयार असते आणि खेळ कायमचा बंद होतो. म्हणून ती घोटा दुखत असताना सरळ चालण्याचा प्रयत्न करते, स्वयंपाकघरात उभी राहते, आणि तडा गेलेल्या हाडावर महिना काढते. तिच्या अब्बांनी तिला मैदानावर पाठवले हे मोठेच काम केले. पण घरी येऊन दुखणे सांगितले तरी खेळ बंद होणार नाही, एवढा शब्द तिला दिला नाही तर ते काम अर्धेच राहते.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रग नावाची अठरा वर्षांची अमेरिकन मुलगी पहिल्या उडीत पडली आणि तिचा घोटा दुखावला. संघाच्या सुवर्णपदकासाठी तिची दुसरी उडी हवी असे सर्वांना वाटले. तिने ती मारली, एका पायावर उतरली आणि कोसळली. प्रशिक्षकाने तिला उचलून पदक घ्यायला नेले. ते छायाचित्र जगभर गेले. नंतर गुण मोजले तेव्हा दिसले की तिने ती उडी मारली नसती तरी पदक अमेरिकेलाच मिळाले असते. वैयक्तिक स्पर्धांत मात्र ती उतरू शकली नाही. त्या क्षणी गणित करणे हे त्या मुलीचे काम नव्हते. ते करण्याइतकी मोठी माणसे कडेला उभी होती.

कडेला माणूस असणे म्हणजे काय, हे खाशाबा जाधवांच्या बाबतीतही दिसते. १९५२ साली हेलसिंकी येथे जपानच्या इशीशी कसून झालेल्या कुस्तीनंतर त्यांना लगेच रशियाच्या मल्लाशी लढावयास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांच्या पुढे मांडावयास आपला एकही अधिकारी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर समाधान मानून परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून आपण आनंदाने सांगतो. मला मात्र प्रत्येक वेळी तो न बोललेला अधिकारी आठवतो.

आता नियम थोडेफार बदलत आहेत. डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून मिळाली. २०२५ च्या जुलैत मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचे हाड मोडलेले असताना लंगडत फलंदाजीला आला आणि ५४ धावा करून गेला. त्यानंतर २०२५-२६ च्या हंगामापासून देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांत गंभीर दुखापतीसाठीही बदली खेळाडू देण्याचे ठरले. मोठ्यांच्या मैदानातील हे बदल आपल्या पटांगणापर्यंत कधी पोहोचतील याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या हाती जे आहे ते आपण करू शकतो.

संस्थेच्या क्रीडा समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. ज्या मुलाने किंवा मुलीने आपणहून दुखापत सांगितली, त्यांचे नाव त्या हंगामाच्या यादीतून काढू नये. बरे होऊन आल्यावर त्यांची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि हे हंगामाच्या सुरुवातीलाच सर्वांसमोर जाहीर करावे. डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात सोडू नये, सामना अंतिम असला तरीही. तेथे मुलाला विचारूच नये. तिसरी गोष्ट एका वहीची. तीत तारीख, नाव, काय लागले, कसे लागले, सूज किती वेळाने आली आणि कोणाला दाखवले एवढे लिहावे. ही वही क्रीडाशिक्षकाच्या ताब्यात नसावी, कारण सामना जिंकण्याची जबाबदारी त्याच्यावर असते आणि एकाच माणसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय आहे. विज्ञानाच्या एखाद्या शिक्षिकेकडे ती द्यावी. शहरात अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने महिन्यातून एक सकाळ ही वही चाळून पाहिली तरी पुरेल, आणि असे काम आनंदाने करणारे डॉक्टर आपल्या माजी विद्यार्थ्यांतच सापडतील.

दोनशे पानांची एक वही मी येताना विकत घेऊन आलो आहे. रकाने आखून ठेवले आहेत. ती मी अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.